अव्यावहारिक ऋण

आमच्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या रांगेमागे, शंभर रुपयांचा एक स्टॅम्पपेपर आहे. त्यावर सहा ओळींचा मजकूर आहे आणि तो आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. दोघेही मराठीचे प्राध्यापक, त्यामुळे मजकूर निर्दोष आहे. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, विरामचिन्हे जागच्या जागी. घरबांधणीसाठी हातउसनी, बिनव्याजी रक्कम रुपये चार लाख फक्त, आज रोजी रोख मिळाली, असे त्यात म्हटले आहे. खाली सही, दोन साक्षीदार आणि तारीख १३ जून २०१६. या सहा ओळींत एकच शब्द खोटा आहे, तो म्हणजे 'घरबांधणीसाठी'. घर कुठेच बांधले जायचे नव्हते. ते चार लाख एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या संस्थाचालकांना द्यायचे होते, आणि हे सही करणाऱ्याला, आम्हाला, तसेच दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला पक्के ठाऊक होते.

सही करणारा आमचा विद्यार्थी. बी.ए.ला तो आमच्यापैकी एकाच्या वर्गात होता आणि एम.ए.ला दुसऱ्याच्या. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आणि शिकलेला पहिलाच मुलगा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाठांतराबाहेरचे एखादे वाक्य लिहिणारे विद्यार्थी वर्षातून दोनतीनच भेटतात, त्यांतला तो होता. पुढे बी.एड. झाला. मग चार वर्षे तासिका तत्त्वावर, एका गावाहून दुसऱ्या गावी, दुचाकीवरून. महिन्याचे पेट्रोल आणि महिन्याचे मानधन यांत फारसे अंतर नसे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शाळांतली शिक्षकभरती थांबली होती. बंदी आज उठेल, उद्या उठेल, असे सगळेच म्हणत होते. अशा वेळी संस्थाचालक सांगतात की आमचे मराठीचे शिक्षक निवृत्त होत आहेत, आता रुजू होऊन ठेवा, बंदी उठताच मान्यतेचा प्रस्ताव पहिला तुमचा. आकडा अकरा लाख. बापाने दीड एकर विकले, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने मोडले आणि तरी चार लाख कमी पडले.

आकड्याला 'आकडा' असे क्वचितच कोणी म्हणते. या व्यवहाराची परिभाषा मराठीत फार समृद्ध आहे. इमारत निधी, विकास निधी, संस्थेवरील प्रेम, 'साहेबांच्या कानावर घालून ठेवा', 'तुमच्याकडून काय अपेक्षा धरायची'. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लघुप्रबंध करावा इतके शब्द आहेत. 'लाच' हा शब्द मात्र तिथे ऐकायला मिळत नाही. तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांसाठी राखीव असतो.

आम्ही सेवकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, पाचशेच्या नोटांची आठ बंडले त्याच्या हाती दिली आणि चहा केला. (त्याच वर्षी नोव्हेंबरात पाचशेच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्या बंडलांचे काय झाले असेल, असा एक क्षुद्र विचार आमच्या मनात येऊन गेला, हे कबूल केले पाहिजे.)

आम्ही हे का केले, याचे एक उत्तर आमच्यापाशी तयार आहे. गुणी मुलगा आहे, व्यवस्था अशी आहे, त्याने काय करावे. दुसरे उत्तर लिहायला अधिक अवघड आहे. २००४ साली आमच्यापैकी एकाची नेमणूक झाली, तेव्हा 'इमारत निधी'साठी दोन लाख द्यावे लागले होते. कोणाची ते सांगत नाही, कारण त्या पैशावर दोघांचाही संसार उभा राहिला. सेट उत्तीर्ण, मुलाखत चांगली, यादीत पहिले नाव, हे सगळे खरे होते आणि त्याखेरीज दोन लाख हेही खरे होते. त्यांतले दीड लाख मामांनी दिले. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि ती रक्कम त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतली. कागद नाही, साक्षीदार नाही. मामांनी एका जुन्या वहीत तारीख आणि आकडा लिहिला. आम्ही साडेपाच वर्षांत हळूहळू ते फेडले, आणि शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मामांनी वहीतल्या नोंदीवर तिरपी रेघ ओढली. आमच्या विद्यार्थ्याला बंडले देताना आपण मामांचे काम पुढे चालवीत आहोत, अशी एक ऊबदार समजूत आमची होती. त्या समजुतीत एक फरक राहून गेला, तो असा की मामांनी स्टॅम्पपेपर घेतला नव्हता.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती ज्याला त्याला माहीत असते. तो रुजू झाला. हजेरीपटावर सही नाही, पगार नाही, वर्ग मात्र पूर्ण. राज्याने २०१७ मध्ये शिक्षकांसाठी अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' नावाची ऑनलाइन भरतीप्रणाली आणली, त्यामुळे मराठीची ती जागा संस्थेच्या हातून निघून गेली. डिसेंबर २०१७ ची चाचणी त्याने दिली, पण गुण कमी पडले. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने शाळा सोडली. अकरा लाखांबद्दल विचारले तेव्हा संस्थेकडून उत्तर आले की देणगी परत करण्याची पद्धत नसते. पावतीही नव्हती. आमच्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला कापला जात होता आणि त्यावरचे व्याजही आमचेच होते. आमची मुलगी बारावीला होती. डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही त्याला पहिल्यांदा पैशांविषयी विचारले.

तो ओसरीत बसला होता. खाली पाहून म्हणाला, "सर, मी नाही म्हणत नाही. पण मॅडम, ते पैसे कशासाठी होते हे तुम्हालाही माहीत होतं. माझे बुडाले ते बुडालेच. तुमचे मात्र बुडू नयेत, असं कसं?"

आमच्यापैकी एकाला राग आला आणि दुसऱ्याला आला नाही. त्या रात्री आम्ही दोघे एकमेकांशी भांडलो, आणि भांडण लाखांवरून नव्हते. ज्याला राग आला त्याचे म्हणणे असे की कर्ज ते कर्ज. आपण त्याला दिले, संस्थेला दिले नाही. त्याने त्या पैशाचे काय केले, हा त्याचा प्रश्न. ज्याला राग आला नाही त्याने एवढेच विचारले, की मग कागदावर 'घरबांधणीसाठी' का लिहिले?

मार्च २०१९ मध्ये आम्ही एका परिचित वकिलांकडे गेलो. हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा रक्कम दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, म्हणजे जूनपर्यंतच वेळ होता. त्यांनी कागद वाचला, मजकुराचे कौतुक केले आणि विचारले, "घर झालं का बांधून?" आम्ही खरे सांगितले. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि खिडकी बंद केली. बाहेर रस्त्याचा आवाज होता म्हणून केली असेल, पण आम्हाला त्या क्षणी तसे वाटले नाही.

त्यांनी आम्हाला १८७२ चा भारतीय करार अधिनियम वाचायला दिला. साहित्याच्या माणसांना त्या कायद्यात एक अनपेक्षित आनंद आहे. अनेक कलमांखाली छोट्या छोट्या गोष्टी आहेत. इंग्रज मसुदाकारांनी त्यांना 'उदाहरणे' म्हटले आहे, पण अ, ब आणि क ही पात्रे तिथे जगतात, फसवतात, नीळ पिकवतात, घरे जुगाराच्या अड्ड्यांना देतात, तांदळाऐवजी चोरट्या अफूची बोली करतात. चोविसाव्या कलमात 'अ' हा 'ब'साठी निळीच्या कायदेशीर उत्पादनावर देखरेख करतो आणि त्याच पगारात इतर मालाचा बेकायदा व्यापारही सांभाळतो. एकाच पगाराचे दोन भाग पाडता येत नाहीत, म्हणून सगळाच करार शून्य. या 'अ'चे घर, बायको, रात्रीची झोप यांविषयी कायदा काही सांगत नाही, पण आम्ही पुष्कळ कल्पना केली.

आणि मग तेविसावे कलम, उदाहरण सहावे. 'अ' हा 'ब'ला सरकारी सेवेत नोकरी मिळवून देण्याचे वचन देतो आणि 'ब' त्याला हजार रुपये देण्याचे. करार शून्य आहे, कारण त्याचे प्रतिफल बेकायदा आहे. इथे आम्ही थांबलो. दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात किंवा लंडनमध्ये बसून कोणी तरी आमची गोष्ट लिहून ठेवली होती, फक्त आकडा जुना होता. शाळा खाजगी संस्थेची आहे, सरकारी नाही, अशी एक फट आम्ही शोधून पाहिली. वकिलांनी ती लगेच बुजवली. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा पदाधिकारीही लोकसेवक ठरतो. आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून, देणे भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल तेवढे वगळता, देणाराही गुन्हेगार.

पण त्या उदाहरणात 'क' नाही. आम्ही 'क' होतो. ज्याने 'ब'ला हजार रुपये उसने दिले तो 'क' गोष्टीत येतच नाही. आमचा सगळा प्रश्न त्या न आलेल्या पात्राचा होता.

'क'ची गोष्ट शोधायला इंग्लंडात जावे लागते. तिथल्या विधी महाविद्यालयांत एक खटला चवीने सांगतात, १७२५ सालचा. दोन वाटमाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्यावर भागीदारीचा हिशेब मिळावा म्हणून दावा लावला. फिर्यादीत 'लूट' हा शब्द नाही, तर 'सभ्य गृहस्थांशी केलेले व्यवहार' अशा धाटणीची भाषा आहे. (आमच्या 'घरबांधणी'चे हे थोर पूर्वज!) न्यायालयाने दावा खर्चासह फेटाळला, दावा आणणाऱ्या वकिलांना दंड केला, आणि पुढे काही वर्षांत दोन्ही पक्षकार आपापल्या गुन्ह्यांसाठी फासावर गेले. त्यानंतर १७७५ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तत्त्व मांडले. जो स्वतःच्या बेकायदा वा अनीतीच्या कृत्यावर आपला दावा उभारतो, त्याला न्यायालय हात देणार नाही. प्रतिवादीच्या तोंडी हा बचाव शोभत नाही हे न्यायालयाला कळते, पण तो प्रतिवादीच्या भल्यासाठी मान्य केला जातच नाही. दोघेही सारखेच दोषी असतील, तर ज्याच्या हातात माल आहे त्याच्या हातात तो राहतो. आमच्या विद्यार्थ्याने ओसरीत बसून जे म्हटले ते जवळजवळ हेच होते. त्याने ते कुठे वाचले नव्हते.

गंमत अशी की मॅन्सफील्ड यांच्यापुढच्या त्या खटल्यात फिर्यादी जिंकला. डंकर्कच्या व्यापाऱ्याने तिथे चहा विकला होता. घेणारा तो इंग्लंडात चोरून नेणार हे त्याला माहीत होते, पण नेण्यात त्याचा काही हात नव्हता. विक्री डंकर्कला पूर्ण झाली, तिथे ती कायदेशीर होती, म्हणून पैसे मिळाले. नुसते माहीत असणे आणि हात असणे यांत अंतर आहे. हे वाचून आमच्यापैकी ज्याला राग आला होता तो उत्साहाने उठून बसला. आम्हीही डंकर्कचे व्यापारीच नव्हे काय? मग १८१९ चा आणखी एक खटला वाचला. त्यात बेकायदा शेअर व्यवहारांचे देणे भागवण्यासाठीच कर्ज दिले होते, आणि ते वसूल झाले नाही. चहाच्या व्यापाऱ्याने चहा विकला, चोरीसाठी होडी विकली नाही. आम्ही होडीच दिली होती, आणि वर तिच्यावर 'घर' असे रंगवून दिले होते.

आपल्याकडे आणखी एक स्थानिक विशेष आहे, तो कायद्याबाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत असावा. पैजेचा करार भारतभर शून्य आहे, पण बेकायदा नाही. त्यामुळे पैजेसाठी उसने दिलेले पैसे इतर प्रांतांत एरवी वसूल होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात शून्य आणि बेकायदा यांतला हा भेद उलगडून सांगितला. तो वाद गव्हाच्या सट्ट्यासाठी केलेल्या भागीदारीचा होता. मुंबई इलाख्यात मात्र १८६५ पासून वेगळा कायदा आहे, आणि तो पैजेच्या पाठीराख्या करारांनाही शून्य ठरवतो. म्हणजे पैजेला पैसे पुरवणाऱ्या सावकाराला इतर प्रांतांत दार उघडे आणि मुंबईत बंद. त्या काळच्या मुंबईत कापसाचा सट्टा कसा चालला होता आणि १८६५ मध्येच तो कसा कोसळला, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या कायद्याचे साल पाहून आश्चर्य वाटणार नाही.

आम्हाला आशेची जागा एकच दिसत होती. सीताराम विरुद्ध राधाबाई या, १९६८ च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपवाद सांगितले आहेत. बेकायदा हेतू अजून मुळात तडीला गेलेला नसेल, किंवा फिर्यादी दुसऱ्याइतका दोषी नसेल, किंवा आपला दावा सिद्ध करायला त्याला बेकायदेपणाचा आधार घ्यावाच लागत नसेल, तर पैसे मिळू शकतात. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१६ मध्ये पटेल विरुद्ध मिर्झा या खटल्यात दार बरेच उघडले. पटेल यांनी एका बँकेच्या शेअरच्या भावावर आतल्या बातमीच्या जोरावर पैज लावायला ६,२०,००० पौंड दिले होते. आतली बातमी आलीच नाही, पैज लागली नाही, आणि पटेलांना पैसे परत मिळाले. फिर्यादीला हाकलून देताना दुसऱ्याच्या खिशात आयता लाभ पडतो, हे कायद्याच्या कोणत्या हेतूला धरून आहे, असा प्रश्न तिथे विचारला गेला. आमच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत जास्त संस्थाचालकांना लागू होता, पण ते आमचे ऋणको नव्हते.

वकिलांचा सल्ला तिसऱ्या अपवादावर बेतलेला होता. "कागद स्वच्छ आहे. घरबांधणी, चार लाख, सही. दावा कागदावर लावू. शाळेचं नाव काढायचंच नाही." रोखीची अडचण त्यांनी सांगितली. वीस हजार किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्याला आयकर कायद्यात मनाई होती, आणि २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनादेशाच्या एका प्रकरणात बेहिशेबी रोख कर्जाला वसुलीयोग्य मानले नव्हते. (रोखीने दिले एवढ्यावरून कर्ज वसुलीयोग्य राहत नाही असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले, पण ती पुढची गोष्ट.) मात्र आमचे पैसे पतसंस्थेतून निघालेले, त्यामुळे ते बेहिशेबी नव्हते. "तो म्हणेल, शाळेसाठी होते. म्हणू दे. सिद्ध करणं त्याच्यावर."

"आणि उलटतपासणीत आम्हाला विचारलं तर?"

"तुम्ही म्हणाल, घरासाठी."

लेखी मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, परंतु करार बेकायदा आहे हे दाखवण्यासाठी तो चालतो. पुरावा अधिनियमात ही सोय १८७२ पासून होती आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या अधिनियमातही ती कायम आहे. म्हणजे एके दिवशी, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, आम्ही पिंजऱ्यात उभे राहणार. समोर आमचा विद्यार्थी, आणि त्याच्या वकिलाने विचारलेला एकच प्रश्न. आम्ही शपथेवर 'घरासाठी' म्हटले तर पैसे मिळण्याचा संभव होता. खरे सांगितले तर पैसे गेलेच, शिवाय एका गुन्ह्याला पैसे पुरवल्याची कबुली आमच्या तोंडून लिहून घेतली जाणार होती. आणि त्यानंतर एखाद्या चाणाक्ष वकिलाने विचारले असते, की तुमची स्वतःची नेमणूक कशी झाली?

जूनचा तेरावा दिवस आला आणि गेला. आम्ही दावा लावला नाही. याला तत्त्वनिष्ठा म्हणू नये. आम्हाला भीती वाटली.

मराठीच्या प्राध्यापकांना कायद्याने नाकारले की ते शब्दकोशाकडे वळतात. त्या पावसाळ्यात आम्ही 'ऋण' या विषयावर बरेच वाचले, बहुधा स्वतःच्या समाधानासाठी. मनुस्मृतीत धनकोने ऋण वसूल करण्याचे पाच मार्ग दिले आहेत. धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. इथला 'व्यवहार' म्हणजे न्यायालयातला वाद. 'आचरित' म्हणजे ऋणकोच्या दारात उपाशी बसणे, असा अर्थ लावला जातो, आणि तेच आपले धरणे. १८६० च्या दंडसंहितेत तर दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसलेला 'अ' भेटतो. पुन्हा तोच 'अ'! त्याच्या आयुष्यात काय काय आले म्हणायचे.

पण आम्हाला खिळवून ठेवले ते दुसऱ्या एका शब्दाने. बापाचे ऋण मुलाने फेडावे, असा धर्मशास्त्राचा दंडक होता आणि त्याला अपवाद होते. द्यूतासाठी, सुरेसाठी काढलेले ऋण, दंडाची किंवा जकातीची बाकी, वायफळ दान. जे 'व्यावहारिक' नाही ते मुलाने फेडू नये. पुढे इंग्रजी अमदानीत 'अव्यावहारिक ऋण' ही संज्ञा न्यायालयांत रूढ झाली, आणि या एका शब्दाचा अर्थ बेकायदा, अनैतिक की नुसता अनुचित, यावर न्यायमूर्तींनी पाने लिहिली. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातही त्याची चर्चा सापडते. मुलावरचे ते पवित्र बंधन हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने संपले आणि त्याबरोबर हा शब्दही न्यायालयांतून हळूहळू निघून चालला आहे.

आमच्या भाषेत मात्र तो उरला आहे, आणि उलटा होऊन. पैसे न देता गुणवत्तेवर जागा मिळेल असे म्हणणाऱ्याला आज आपण अव्यावहारिक म्हणतो. २०१६ मध्ये, बंडले देण्यापूर्वी, आमच्यापैकी एकाने एकदा क्षीणपणे म्हटले होते, की त्याला देऊ नको म्हणून सांगू या का? दुसऱ्याने उत्तर दिले होते, "अव्यावहारिक बोलू नकोस." हे वाक्य आम्हा दोघांनाही आठवते. कोण बोलले याविषयी मात्र आजतागायत एकमत नाही.

मामा २०२० मध्ये वारले. त्यांच्या ट्रंकेत ती वही निघाली. आमच्या नोंदीवरची रेघ तशीच होती. त्याच पानावर आणखी चार नोंदी होत्या, भाचे, पुतणे, एक शेजारी. दोनांवर रेघ होती आणि दोनांवर नव्हती. ज्यांवर नव्हती त्या दोघांच्याही घरी मामा शेवटपर्यंत जात-येत होते, जेवत होते, हे आम्ही पाहिले आहे. त्या पैशांविषयी त्यांनी कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी ते कशासाठी दिले, हेही वहीत कुठे लिहिलेले नाही. फक्त नाव, तारीख, आकडा.

आमच्या विद्यार्थ्याने पुढे बियाणे-खतांचे दुकान काढले. मे २०२१ मध्ये, एका सकाळी, आमच्या बँकखात्यात पाच हजार रुपये जमा झाल्याचा संदेश आला. कोणी पाठवले ते कळत होते. आम्ही फोन केला नाही, त्यानेही केला नाही. मग कधी तीन हजार, कधी दहा, कधी सहा महिने काहीच नाही. पावसाने ओढ दिली की आम्हाला खात्याकडे पाहायची गरज उरत नसे. आजवर एक लाख बासष्ट हजार आले आहेत. मुदत केव्हाच उलटली आहे हे आम्ही त्याला सांगितले नाही. त्याला ते माहीत नसावे असे मानायला काही आधार नाही, कारण आता त्याचीही उधारी गावभर पसरलेली आहे आणि वकिलाकडे जाणे त्यालाही चुकलेले नसणार.

गेल्या दिवाळीला तो बायकोमुलीला घेऊन फराळाला आला. निघताना म्हणाला, "सर, आतापर्यंत दिलेल्याची एक पावती लिहून द्याल? हिला हिशेब ठेवायचाय." त्यात वावगे काही नव्हते. आमच्यापैकी एकाने वहीचे पान फाडले आणि 'घरबांधणीसाठी घेतलेल्या' इथपर्यंत लिहिले. मग पेन थांबले. त्याची बायको शेजारी उभी होती, तिला काय माहीत होते ते आम्हाला माहीत नव्हते. दुसऱ्याने हात पुढे केला, पान घेतले, ते शब्द खोडले. खोडलेली पावती द्यायची नाही म्हणून दुसरे पान घेतले. त्यावर त्याचे नाव लिहिले, तारीख लिहिली, आकडा लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. त्याने ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि मुलीला चपला घालायला सांगितल्या.